‘हात लावून पाहा’ सांगणारे दूरदर्शनवरचे गुरुजी

वाचकहो, घरातल्या लहानग्याने एखादी वस्तू हातात घेतली की आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते? “ठेव ते खाली, मोडशील!” आमच्या आईच्या तोंडून हेच निघायचे आणि आज आमच्याही तोंडून हेच निघते. यात आईचा दोष नव्हता. घरात मोजून चार वस्तू. त्यातली एक मोडली तर पगार होईपर्यंत दुसरी येणार नाही, ही धास्ती तिच्या मनात असायची.

पण शाळेतही हेच ऐकायला मिळाले, त्याचे काय? आम्ही पुण्यातल्या ज्या शाळेत शिकलो तिथे काचेचे एक कपाट होते. आत भिंग होते, नालाच्या आकाराचे लोहचुंबक होते, काचेच्या नळ्या होत्या, घंटी वाजवणारे एक यंत्र होते. कपाटाला कुलूप आणि किल्ली मोठ्या गुरुजींच्या खिशात. तपासणीला साहेब यायचे त्याच्या आदल्या दिवशी कपाट उघडायचे, शिपाईमामा फडक्याने धूळ पुसायचे आणि कुलूप परत लागायचे. सातवी पास होईपर्यंत त्या चुंबकाला आमचा हात लागला नाही. विज्ञानात आम्हाला मार्क बरे पडत, कारण पाठांतर चांगले होते. चुंबक लोखंडाला ओढते हे आम्ही शंभर वेळा लिहिले, पण ओढताना हाताला काय जाणवते ते ठाऊक नव्हते.

त्याच सुमाराला वस्तीत मोजक्या घरांत टीव्ही आले होते. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून येणारे चित्र छतावरचा अँटेना फिरवून फिरवून पकडावे लागे. शेजारच्या काकूंच्या दारात आम्ही दहा-पंधरा पोरे उंबऱ्याबाहेर दाटीवाटीने बसायचो. एके दिवशी पडद्यावर साधा कुडता घातलेला एक माणूस आला. हातात काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉलला घालतात ती बारीक रबरी नळी. बघता बघता त्याने काड्यांचे घर उभे केले. तो हिंदीत बोलत होता. पण त्याचे हात जे बोलत होते ते आम्हाला सगळे समजत होते. कारण त्याच्या हातातली एकही वस्तू कुलूपबंद कपाटातली नव्हती. सगळी आमच्या दारातली होती!

त्या माणसाचे नाव अरविंद गुप्ता. पुढे कळले की ते आपल्या पुण्यातच काम करतात. त्यांच्या कामाची ओळख आपल्या घरोघरी व्हावी आणि त्या निमित्ताने मनात सलणारा एक प्रश्नही मांडावा, म्हणून हा लेख.

ट्रक सोडून खेळण्यांकडे

अरविंद गुप्ता यांचा जन्म उत्तर प्रदेशातील बरेली येथे ४ डिसेंबर १९५३ रोजी झाला. आई-वडील शाळेत गेलेले नव्हते. पण मुलांनी चांगले शिकले पाहिजे हा आईचा आग्रह. मुलगा हुशार निघाला. कानपूरच्या आयआयटीत गेला आणि १९७५ साली विद्युत अभियंता होऊन बाहेर पडला.

आयआयटी म्हणजे देशातली मोठी मानाची जागा. तिथून निघालेली पुष्कळ मुले सरळ अमेरिकेचे विमान धरीत. पण विद्यार्थिदशेतच गुप्तांचे लक्ष वेगळीकडे होते. वसतिगृहाच्या खाणावळीत राबणाऱ्या कामगारांच्या मुलांना शाळा परवडत नव्हती. त्या मुलांना ते शिकवू लागले. ज्यांच्या हातचे आपण रोज जेवतो त्यांची पोरे अडाणी राहतात, ही गोष्ट ताटावर बसलेल्या किती जणांना टोचते? त्यांना टोचली.

पदवीनंतर ते पुण्याला आले आणि टेल्कोत नोकरीला लागले. आज जिला टाटा मोटर्स म्हणतात तीच ही कंपनी. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात टेल्कोची नोकरी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ती मिळावी म्हणून माणसे वर्षानुवर्षे धडपडत. गुप्तांनी मात्र थोड्याच वर्षांत ओळखले की ट्रक बनवण्यात आपला जीव रमत नाही. १९७८ साली त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याची, म्हणजे आजच्या नर्मदापुरमची, वाट धरली. कंपनीत ते परत आले, पण मन तिकडेच राहिले. पुढे त्यांनी नोकरी सोडली ती कायमची.

आम्ही स्वतः कारकून आहोत. महिन्याच्या एक तारखेचे मोल आम्ही जाणतो. म्हणून असा निर्णय सर्वांनी घ्यावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आयआयटीची पदवी पाठीशी असलेला माणूस नोकरी सोडू शकतो. आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या पगारदाराला ते परवडत नाही. पण ज्याला शक्य होते त्याने ते केले आणि त्याचा लाभ कोणाला झाला, हे बघण्यासारखे आहे.

आठवड्याच्या बाजारातली प्रयोगशाळा

होशंगाबादमध्ये काय चालले होते? तिथे १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला होता. डॉ. अनिल सद्गोपाल हे त्याच्या प्रमुखांपैकी एक. खेड्यातल्या सरकारी शाळेतल्या मुलाने विज्ञान पाठ करायचे नाही, करून पाहायचे, हे त्याचे सूत्र. पुढे हा कार्यक्रम एकलव्य संस्थेने चालवला आणि तो शेकडो शाळांत गेला. परीक्षेला मुलांना पुस्तक-वही सोबत ठेवायची मुभा होती, कारण परीक्षा पाठांतराची नव्हती. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. गरिबांच्या शाळेतली चांगली गोष्ट किती सहज बंद पडते, याचा हा एक दाखला!

तर या कार्यक्रमात काम करताना अरविंद गुप्ता गावच्या आठवडे बाजारात फिरत. शहरातून उपकरणे मागवायला पैसा नाही, मग बाजारात जे स्वस्तात मिळते त्यातून काय साधते ते पाहायचे. सायकलच्या सामानात वॉलची रबरी नळी मिळाली. काडीपेटीची काडी तिच्यात घट्ट बसते, हे ध्यानात आले आणि एक नवे खेळणे जन्माला आले.

घरी करून पाहण्यासारखे आहे म्हणून सविस्तर सांगतो. काड्यांची गुलाची टोके आधी मोठ्या माणसाने खरवडून टाकावीत. नळीचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसली की दोन काड्यांचा सांधा झाला. तीन काड्या आणि तीन तुकडे जोडून त्रिकोण करा. चार काड्या आणि चार तुकडे जोडून चौकोन करा. आता दोन्ही आकार बोटांनी दाबा. चौकोन लगेच तिरपा होऊन पडतो. त्रिकोण हलत नाही. चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी काडी बसवली की तोही ताठ उभा राहतो. सांध्याच्या मध्ये बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी घातली तर घर, मनोरा, पूल असे काय वाटेल ते उभे करता येते.

आता पत्र्याच्या शेडची कैची आठवा. संगमावरचा रेल्वेचा पूल, विजेच्या तारांचे मनोरे, बांधकामावरची पहाड आठवा. सगळीकडे तिरपे तुकडे का मारलेले असतात? आपल्यातल्या गवंड्याला, फिटरला, वेल्डरला हे ठाऊक आहे. त्याच्या मुलाला भूमितीच्या तासाला मात्र वाटते की त्रिकोण ही पुस्तकातली गोष्ट. बापाच्या हातातली आणि पोराच्या पुस्तकातली गोष्ट एकच आहे, हे ती काडी सांगते.

या काड्यांच्या खेळावर आणि तशाच इतर प्रयोगांवर गुप्तांनी लिहिलेले छोटे पुस्तक हे त्यांचे पहिले पुस्तक. ते बारा भाषांत गेले आणि त्याच्या पाच लाखांवर प्रती खपल्या. १९८८ साली मुलांमध्ये विज्ञानाचा प्रसार करण्याबद्दलचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला.

पडद्यावरचे मास्तर

त्या काळात सरकारने शिक्षणासाठी दूरदर्शनचा उपयोग करायचे मनावर घेतले होते. १९८३ साली इन्सॅट उपग्रह आकाशात गेला आणि खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत चित्र पोचवणे शक्य झाले. आपल्या पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ ही राज्य सरकारची संस्था निघाली. मराठीतून मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणे हे तिचे काम. त्या पिढीतल्या पुष्कळांना ते नाव अजून आठवत असेल. २०१७ साली तीही बंद करण्यात आली.

दिल्लीहून मुलांसाठी ‘तरंग’ हा कार्यक्रम लागे. त्यात अरविंद गुप्ता येत. विज्ञानाच्या कृती दाखवणाऱ्या त्यांच्या सुमारे सव्वाशे लहान फिती दूरदर्शनसाठी तयार झाल्या आणि त्या पुन्हा पुन्हा दाखवल्या गेल्या.

मुलांच्या कार्यक्रमाचा निवेदक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? झगमगीत कपडे, मोठ्याने हसणे, मध्येच बक्षीस आणि मग बिस्किटाची जाहिरात. यांच्या कार्यक्रमात यातले काही नव्हते. पडद्याचा बराचसा भाग त्यांच्या हातांनीच व्यापलेला असे. वर्तमानपत्राच्या एका कागदाला घड्या घालीत ते टोपी करीत, त्याच टोपीची दुसरी टोपी करीत आणि घडी घालता घालता गोष्ट सांगत. पेय प्यायच्या नळीचे एक टोक चपटे करून ते टोकदार कापले की तिचा भोंगा वाजे. वाजवता वाजवता दुसरे टोक कात्रीने कापत गेले की आवाज बारीक बारीक होत जाई. बासरीत बोट उचलले की सूर का बदलतो, हे पोराला त्या क्षणी कळे. पोरे हसत आणि हसता हसता शिकत.

पाहणाऱ्याला ‘हे माझ्याच्याने होईल का?’ असे वाटत नसे. ‘घरात रिकामी नळी आहे का?’ असे वाटे. टीव्ही बंद झाल्यावर मुलाने काय केले, यावरून मुलांच्या कार्यक्रमाची परीक्षा व्हावी. आम्ही त्या दिवशी काकूंच्या दारातून उठलो ते थेट सायकलवाल्याकडे पळालो. त्याने चार आण्यांची नळी दिली आणि वर शिव्याही दिल्या, कारण एकदम आठ पोरे आली होती.

मुलाने खेळण्याचे काय करावे, तर ते मोडून आत काय आहे ते पाहावे, असे गुप्ता वर्षानुवर्षे सांगत आले. महागडे खेळणे शोकेसमध्ये बसते, कारण ते मोडायची भीती वाटते. कागदाचे मोडले तर दुसरे करता येते.

विद्यापीठातले मुक्तांगण

पुणे विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीला, ‘आयुका’ नावाची खगोलशास्त्राची मोठी संस्था आहे. डॉ. जयंत नारळीकर हे तिचे संस्थापक संचालक. २०२५ साली ते आपल्यातून गेले. आकाशातल्या ताऱ्यांवर संशोधन करणाऱ्या या संस्थेत शाळकरी मुलांसाठीही जागा असावी, म्हणून तिथे ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ सुरू झाली. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा तिला मोठा हातभार लागला. २००३ ते २०१४ अशी अकरा वर्षे अरविंद गुप्तांनी तिथे काम केले. विदुला म्हैसकर, अशोक रुपनेर, मनीष जैन हे त्यांचे सहकारी. शाळांच्या सहली तिथे येत, मुले जमिनीवर बसत आणि जाताना स्वतः बनवलेली खेळणी घेऊन जात. मनीष जैन यांनी पुढे गांधीनगरच्या आयआयटीत याच धर्तीचे केंद्र उभे केले.

गुप्तांनी आपले सारे काम लोकांना फुकट देऊन टाकले, हे आम्हाला सर्वांत मोठे वाटते. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळण्यांच्या कृती चित्रांसह आहेत. छोट्या फिती आहेत, त्यांतल्या पुष्कळ मराठीतून. मुलांची आणि शिक्षणावरची हजारो पुस्तके आहेत. जगातल्या चांगल्या पुस्तकांचा त्यांनी स्वतः हिंदीत अनुवाद केला आणि तोही तिथे ठेवला. कशालाही शुल्क नाही. मालकी हक्काचे कुंपण नाही. २०१८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

मावशींचा प्रश्न

आता सलणाऱ्या प्रश्नाकडे येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या विहारात रविवारच्या अभ्यासवर्गाला ही खेळणी करून घ्यायचे ठरवले. मुलांना सांगितले, घरातून, रस्त्यावरून टाकाऊ वस्तू गोळा करून आणा. ‘कचऱ्यातून खेळणी’ असे मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिले आणि आम्ही खूश झालो.

वर्गाच्या दारात एक मावशी उभ्या होत्या. कागद-काच-पत्रा वेचण्यात त्यांचे आयुष्य गेले. फळ्यावरचे त्यांनी लेकीकडून वाचून घेतले आणि आम्हाला म्हणाल्या, “दादा, आम्ही जन्मभर कचऱ्यात हात घातला तो लेकरांचा हात त्यातनं निघावा म्हणून. आता तुम्हीच त्यांना कचरा गोळा करायला लावता व्हय? बंगल्यातल्या पोरांना पण हेच शिकवता का?”

आम्हाला उत्तर सुचले नाही. खोटे कशाला बोला? पुण्यातल्या कचरावेचकांत बहुसंख्य बाया आपल्या समाजातल्या आहेत. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ओळखपत्रे मिळाली, २००८ पासून ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेमार्फत दारोदारचे काम मिळाले, तेव्हा कुठे त्यांच्याकडे पालिकेने कामगार म्हणून पाहायला सुरुवात केली. सधन घरातल्या मुलाने टाकाऊतून टिकाऊ केले तर त्याचे कौतुक होते. आपल्या मुलाच्या हातात तीच बाटली दिसली तर लोक त्याचा धंदा विचारतात. हा फरक मावशींना दिसला होता. आम्हाला मात्र फळ्यावर लिहिताना तो दिसला नाही. आम्ही फळा पुसला. ‘आपली खेळणी, आपले विज्ञान’ असे लिहिले आणि लागणाऱ्या वस्तू वर्गणीतून आणल्या.

त्या दिवशी विजेची मोटार करायची होती. गुप्तांची ही मोटार फार नावाजलेली. दीड व्होल्टचा सेल घ्यायचा. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सेफ्टी पिन लावून सायकलच्या ट्यूबच्या रबराने करकचून बांधायची. सेलवर मधोमध एक छोटे चुंबक चिकटवायचे. मोटार-वाइंडिंगची तांब्याची तार सेलभोवती दहा वेढे गुंडाळून तिचे कडे करायचे आणि दोन्ही टोके समोरासमोर बाहेर ठेवायची. ती टोके सेफ्टी पिनांच्या भोकांत अडकवून कड्याला हलकेच टिचकी मारली की ते गरगर फिरू लागते.

आमचे एकही कडे फिरले नाही. आम्ही बी. कॉम. झालेले. जमाखर्च बिनचूक मांडू, पण कडे का फिरत नाही ते आम्हाला सांगता येईना. मुलांची चुळबुळ सुरू झाली. दारातल्या मावशी पुढे आल्या, तार बोटात धरली, नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाल्या, “हिला वार्निश हाय. भंगारवाला असली तार जाळून घेतो, तवा तांब्याचा भाव देतो. वार्निश काढल्याबिगर करंट कुठनं जाईल?”

खरेच की! कृतीतली ती ओळ आमच्या वाचनातून सुटली होती. एका टोकाचे वार्निश पूर्ण खरवडायचे आणि दुसऱ्या टोकाचे एका बाजूने तसेच ठेवायचे. म्हणजे अर्ध्या फेरीत वीज जाते आणि चुंबक कड्याला ढकलते. उरलेल्या अर्ध्या फेरीत वीज तुटते आणि कडे आधीच्या गतीने पुढे जाते. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर कडे फिरायच्या जागी नुसते डुलते. आम्ही पातीने खरवडले आणि मोटारी फिरल्या. सगळ्या नाही, अकरांपैकी सात. कडे अडून राहिले की सेल तापतो, तेव्हा ते लगेच काढून ठेवावे लागते, हेही त्या दिवशी शिकलो.

मावशींची लेक आईकडे बघत होती. आईला शाळेतले काही येते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले असावे. मावशींनी मात्र आपला प्रश्न मागे घेतला नाही. जाताना म्हणाल्या, “पोरीला दाखवा सगळं. पण शाळेत पण दाखवायला सांगा.”

स्पर्शाची गोष्ट

डॉ. बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण सारे जाणतो. शाळेत गुरुजींनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. फळ्याच्या मागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्याजवळ गेले तर डबे बाटतील म्हणून वर्गात एकच गलका झाला आणि मुलांनी धावत जाऊन डबे हलवले. फळा सर्वांचा, गणित सर्वांचे. पण हात लावायचा अधिकार सर्वांचा नव्हता.

विज्ञान हाताने होते. चातुर्वर्ण्याने या देशात हात आणि डोके यांची फारकत केली. चामडे कमावणारा, लोखंड तापवणारा, सूत विणणारा खालचा ठरला आणि कशालाही हात न लावता पोथी म्हणणारा वरचा. कातडे कोणत्या सालीत किती दिवस भिजवायचे, हे ज्याला ठाऊक होते त्याला कोणी रसायनशास्त्रज्ञ म्हटले नाही. आणि पोथीवाल्याने भट्टी कधी पाहिली नाही. त्यात नुकसान साऱ्या देशाचे झाले.

इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे नावाचा लोहाराचा मुलगा होता. चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. १८२१ साली चुंबकाच्या जोरावर तार फिरवून दाखवणारा तो पहिला माणूस. विहारात फिरलेल्या त्या कड्याचा मूळपुरुष तोच. मोठा शास्त्रज्ञ झाल्यावर त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दर नाताळात मुलांसाठी प्रयोगांसह व्याख्याने द्यायचा प्रघात पाडला. १८२५ साली सुरू झालेली ती व्याख्याने १९६६पासून तिथल्या टीव्हीवर दाखवली जाऊ लागली. साध्या मेणबत्तीवर फॅरडेने व्याख्यानांची सबंध माळ गुंफली होती. अरविंद गुप्तांचे काम याच परंपरेतले. त्यांनी मेणबत्तीच्या जागी सायकलची नळी घेतली, एवढेच.

गुप्ता आपल्या वस्तीतले नाहीत आणि आपल्या चळवळीतले कार्यकर्तेही नाहीत. पण हात आणि डोके यांची पुन्हा गाठ घालून देण्याचे जे काम त्यांनी पडद्यावरून केले, ते आपल्या कामाचेच आहे. तथागतांनी ‘या आणि पाहा’ असे सांगितले. मी सांगतो म्हणून माना, असे सांगितले नाही. चुंबकाबद्दलही तेच लागू आहे.

खेळणीही हवीत, प्रयोगशाळाही हवी

पण इथे एक धोका आहे, तो मावशींच्या शेवटच्या वाक्यात आहे. ‘कमी खर्चात विज्ञान’ हे शब्द सरकारला फार आवडतात. काडी आणि नळीत भागते ना, मग पालिकेच्या शाळेला प्रयोगशाळा कशाला, असे म्हणायला सोपे जाते. काडीपेटीच्या काडीने सुरुवात होते. पुढे सूक्ष्मदर्शक लागतो, रसायने लागतात, शिकवणारा कायम नोकरीतला शिक्षक लागतो. अकरावी-बारावीला आपल्या मुलीने विज्ञान शाखा घ्यायची म्हटली तर घरगुती मोटारीवर ती परीक्षा पास होणार नाही. होशंगाबादचा कार्यक्रम बंद झाला, बालचित्रवाणी बंद झाली, तेव्हा मोठ्या पैशाच्या शाळांचे काही बिघडले नाही. बिघडले ते आपल्या मुलांचे.

म्हणून दोन्ही गोष्टी करू या. घरी मोबाइल असेल तर संध्याकाळी अर्धा तास मुलांबरोबर बसून गुप्तांची एखादी मराठी फीत पाहा आणि ती संपल्यावर मोबाइल बाजूला ठेवून ती वस्तू करा. करताना बापाने आपले हत्यार आणावे, आईने आपली कात्री आणावी. मुलांना कळू द्या की घरात जाणकार माणसे आहेत. मोडले तर ओरडू नका. एवढे आमच्याकडूनही अजून नीट जमत नाही, पण प्रयत्न चालू आहे.

आणि पुढच्या पालक सभेला गेलात की एक प्रश्न अवश्य विचारा: “गुरुजी, विज्ञानाचे कपाट मुलांसाठी कधी उघडता?” उत्तर लेखी मागा. एकट्याने विचारू नका, चौघे मिळून विचारा. आमच्या विहारातल्या पालकांनी असे विचारले तेव्हा पहिल्या सभेत उत्तर आले नाही. दुसऱ्या सभेला मावशी स्वतः आल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. कपाट आता आठवड्यातून एकदा, शनिवारी उघडते. आम्हाला रोज उघडायला हवे आहे.

जयभीम!